बारा प्रकरणे, नऊ चित्रे: एका चाहता-प्रेमकथेच्या प्रतिक्रियांची नोंदवही

एका मालिकेतील दोन दुय्यम पात्रांवर, म्हणजे जहाजावरचा वैद्य आणि त्याच जहाजावर नकाशे काढणारी स्त्री यांच्यावर, मी बारा प्रकरणांची प्रेमकथा लिहिली आणि माझ्या चित्रकार मैत्रिणीने तिच्यासाठी नऊ चित्रे काढली. मालिकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ती न पाहिलेल्या माणसालाही या नोंदींचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्यांनी मूळ कलाकृतीतल्या पात्रांवर रचलेली कथा, कशी लिहावी किंवा चित्र कसे रंगवावे हे येथे सापडणार नाही. वाचकांच्या प्रतिक्रिया आल्यावर आम्ही काय केले, काय करायला नको होते आणि त्यात किती वेळ गेला, एवढेच येथे लिहिले आहे.

11 जानेवारी

पहिली तीन प्रकरणे बीटा वाचकाकडून, म्हणजे प्रकाशनाआधी मसुदा वाचून चुका सांगणाऱ्या माणसाकडून, तपासून आली आहेत आणि मुखपृष्ठाचे चित्रही तयार आहे. कथा 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांच्या कथांच्या ऑनलाइन संग्रहात, दर रविवारी एक प्रकरण याप्रमाणे द्यायची असे ठरले. कथा कशाविषयी आहे हे सांगणारे आणि शोधताना उपयोगी पडणारे टॅग भरताना मी बराच वेळ घुटमळले. तिथल्या प्रथेप्रमाणे दोन पात्रांच्या नावांमध्ये तिरकी रेघ (/) असेल तर प्रेमसंबंध आणि '&' असेल तर मैत्री समजली जाते. आपल्या कथेतले प्रेम फार सावकाश उमलणार आहे, तेव्हा ते आधीच कशाला सांगायचे, अशा विचाराने मी '&' निवडले.

प्रतिक्रिया टिपण्यासाठी एक तक्ता केला असून त्यात तारीख, प्रकरण, चांगली, वाईट आणि दुरुस्ती असे पाच रकाने ठेवले आहेत.

18 जानेवारी

पहिले प्रकरण दिले. संध्याकाळपर्यंत आलेल्या नऊ प्रतिक्रियांपैकी चार टॅगविषयी होत्या, आणि त्यांतल्या दोन रागाच्या होत्या. मुखपृष्ठावर मैत्रिणीने दोघांना एकाच घोंगडीत, कठड्याला पाठ टेकून बसवले आहे. मैत्रीची कथा शोधत आलेल्या वाचकाला ते चित्र पाहून आपल्याला फसवून आत आणले असे वाटले. उलट ज्यांना प्रेमकथा हवी होती, त्यांच्या शोधात ही कथा येतच नव्हती, म्हणजे जे वाचक आपले होते तेच बाहेर उभे होते.

टॅग त्याच रात्री बदलला आणि 'हळू उमलणारे प्रेम' व 'सुखान्त' असे दोन टॅग जोडले. सुखान्त असल्याचे आधी सांगणे मला कथेचा विश्वासघात वाटत होते. बीटा वाचकाने मला एवढेच विचारले की, शेवट माहीत असूनही लोक रामायण का ऐकतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

1 फेब्रुवारी

तिसऱ्या प्रकरणासोबत आतले पहिले चित्र दिले आणि त्यात दोन चुका एकदम झाल्या.

पहिली चूक आकाराची होती. मैत्रीण छपाईच्या सवयीने ए-फोर आकारात, प्रति इंच 300 ठिपक्यांनी काम करते, त्यामुळे फाइल 2480 गुणिले 3508 पिक्सेलची होती आणि ती आम्ही जशीच्या तशी, पीएनजी स्वरूपात, 14 मेगाबाइट वजनासह लावली. मोबाइलवर वाचणाऱ्यांना चित्र दिसायला इतका वेळ लागला की तोपर्यंत ते अर्धे प्रकरण वाचून पुढे गेले होते. मग चित्र एकाएकी उघडले, खालचा सगळा मजकूर सरकला आणि वाचायची ओळ हरवली. एका वाचकाने लिहिले की, वैद्य बोलता बोलता कुठे गेला ते त्याला पुन्हा शोधावे लागले. आम्ही फाइल 1200 पिक्सेल रुंदीची करून जेपीजी स्वरूपात उतरवली, तेव्हा ती 400 किलोबाइटच्या आत आली. चित्राच्या कोडमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही लिहून टाकल्यावर चित्रासाठी जागा आधीच राखली जाऊ लागली आणि मजकूर सरकणे थांबले. या सगळ्याला तीन तास लागले, आणि आधी माहीत असते तर दहा मिनिटे लागली असती.

दुसरी चूक रंगाची होती, पण ती दोन दिवसांनी कळली.

3 फेब्रुवारी

तिसऱ्या प्रकरणाखाली "वैद्य आजारी आहे का?" असा प्रश्न तीन वेगवेगळ्या वाचकांनी विचारला आहे. एकाने तर तो दहाव्या प्रकरणात मरणार असे ठरवून, 'सुखान्त' टॅग खोटा असल्याचा आरोपही केला. कथेत आजाराचा एक शब्दही नाही, म्हणून मी आधी माझीच वाक्ये तपासत बसले आणि त्यात एक पूर्ण संध्याकाळ घालवली. शेवटी माझ्या जुन्या मोबाइलवर चित्र उघडून पाहिले. कंदिलाच्या उजेडातला वैद्याचा चेहरा मैत्रिणीच्या टॅबलेटवर तांबूस आणि उबदार दिसत होता, तो इथे मातकट पिवळा दिसत होता.

मैत्रिणीचे काम डिस्प्ले पी-थ्री या विस्तृत रंगपटात होते आणि फाइल लहान करताना तिच्यातली रंगपटाची माहिती गळून पडली होती. ती माहिती नसली की पडदा फाइलमधले रंगांचे आकडे एसआरजीबी या साध्या, नेहमीच्या रंगपटाचे समजतो आणि रंग फिके पडतात. उपाय सोपा आहे: फाइल उतरवण्याआधी ती एसआरजीबीमध्ये रूपांतरित करावी आणि किमान एका साध्या, जुन्या मोबाइलवर पाहावी. नवे चित्र लावल्यावर आजाराची चौकशी थांबली. वाचकांनी जे पाहिले ते बरोबरच पाहिले होते आणि चित्रात खरोखरच एक आजारी माणूस होता, हे मला विशेष वाटले.

10 फेब्रुवारी

तक्ता निकामी ठरला. चार प्रकरणांच्या मिळून 83 प्रतिक्रिया झाल्या असून त्यांपैकी 70 'चांगली' या रकान्यात आहेत, आणि त्यातून मला काहीच कळत नाही. 'फार सुंदर' हे वाचून मन आनंदते, पण पुढचे प्रकरण लिहिताना त्याचा उपयोग होत नाही. कुडोसचा, म्हणजे कथा आवडल्याची खूण म्हणून वाचक दाबतात त्या बटणाचा, आकडाही कामाचा नाही, कारण एका वाचकाला एका कथेसाठी ते एकदाच देता येतात. तो आकडा कथेचा असतो, प्रकरणाचा नसतो, आणि पाचवे प्रकरण फसले तरी तो खाली येत नाही.

सगळ्या प्रतिक्रिया पुन्हा वाचताना लक्षात आले की काही वाचक आपल्या प्रतिक्रियेत कथेतले एखादे वाक्य उतरवून घेतात, किंवा चित्रातल्या एखाद्या बारीक गोष्टीचे नाव घेतात. ते वाक्य का आवडले हे त्यांना नेहमी सांगता येत नाही, पण ते नेमके तिथेच थांबले हे नक्की. म्हणून जुने रकाने काढून टाकले आणि नवे असे ठेवले: वाचक कुठे थांबला (वाक्य किंवा चित्रातली जागा), तो मजकुरावर थांबला की चित्रावर, आणि पुढे काय होईल असे त्याला वाटते. स्तुती आणि निंदा यांना रकानाच ठेवला नाही. जुन्या नोंदी नव्या तक्त्यात घालायला दोन रात्री गेल्या. पहिल्याच दिवशी असा तक्ता केला असता तर बरे झाले असते.

15 फेब्रुवारी

पाचवे प्रकरण हा माझ्या मते कथेचा कणा आहे. वादळाच्या रात्री ती नकाशा पुरा करते आहे आणि वैद्य तिच्यासाठी कंदील धरून उभा आहे. जहाज कलते, ती त्याचा हात पकडते आणि तिच्या शाईने भरलेल्या अंगठ्याचा ठसा त्याच्या बाहीवर उमटतो. तिच्या ते लक्षात येत नाही. पुढे तीन प्रसंग झाल्यावर, प्रकरणाच्या अखेरीस, तो धुवायच्या कपड्यांतून तो सदरा बाजूला काढतो आणि घडी घालून पेटीत ठेवतो. त्यापलीकडे काहीही घडत नाही.

मैत्रिणीने फक्त बाही आणि ठसा एवढेच, फार देखणे चित्र काढले. मी ते प्रकरणाच्या माथ्यावर लावले, कारण आधीची चित्रेही मी तशीच लावली होती.

18 फेब्रुवारी

पाचव्या प्रकरणाला आतापर्यंतच्या सर्वांत जास्त, म्हणजे 31 प्रतिक्रिया आल्या, आणि आम्ही दोघींनी फोनवर आनंद साजरा केला. नंतर तक्ता भरला. 26 वाचक चित्रावर थांबले होते आणि सदऱ्याच्या घडीवर एकही थांबला नव्हता. ठसा माथ्यावरच दिसल्याने तो उमटणार हे सर्वांना ठाऊक होते. मजकुरात तो उमटला तेव्हा त्यांनी ओळख पटल्यासारखी मान हलवली आणि पुढचे प्रसंग भराभर वाचून संपवले. चित्र उत्तम होते, म्हणूनच नुकसान मोठे झाले.

मैत्रिणीला हे कसे सांगावे हे मला कळेना, कारण तिच्या चित्राची सर्वांत जास्त वाहवा झाली तेव्हाच मी ते खाली ढकलायचे म्हणत होते. तिने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "अगं, मग ते सदरा पेटीत ठेवल्यानंतर लाव. वाचणाऱ्याला ठसा नीट पाहायला तिथेच वेळ मिळेल." त्याच दिवशी चित्र अखेरच्या वाक्याखाली नेले. त्यानंतर आलेल्या नव्या वाचकांच्या प्रतिक्रिया थोड्याच, म्हणजे 12 आहेत, पण त्यांतल्या सात जणांनी घडी घालण्याचे वाक्य उतरवून घेतले आहे.

येथून पुढे नियम ठरवला: चित्र जो क्षण दाखवते, तो क्षण मजकुरात होऊन गेल्यावरच चित्र यावे. मुखपृष्ठ याला अपवाद आहे, कारण त्यात कथेतला कोणताही प्रसंग नाही.

22 फेब्रुवारी

सहाव्या प्रकरणाचे चित्र सकाळी लावले. वीस मिनिटांत पहिली तक्रार आली आणि तासाभरात सहा झाल्या: मालिकेत वैद्याच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण आहे, आणि आमच्या चित्रात तो उजव्या मनगटावर होता. चाहत्यांची नजर किती तीक्ष्ण असते याचा अनुभव ज्यांना घ्यायचा असेल, त्यांनी एकदा एखादा व्रण चुकवून पाहावा.

मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आरसा परत फिरवायला विसरले गं!" चेहऱ्याचा तोल तपासण्यासाठी चित्रकार मधूनमधून चित्र आडवे उलटवून पाहतात, कारण उलट्या चित्रात वाकडेपणा चटकन दिसतो. तिने ते तसे उलटवले आणि त्याच अवस्थेत फाइल उतरवली. दुरुस्तीला दोन मिनिटे पुरली, पण मी बाहेर असल्यामुळे चुकीचे चित्र पाच तास तसेच राहिले. दुरुस्ती केल्यावर प्रकरणाच्या तळाशी चुकीची कबुली देणारी टीप लिहिली.

त्या पाच तासांत एका वाचकाने सविस्तर उपपत्ती मांडली होती: व्रण उजवीकडे आहे, म्हणजे हा प्रसंग आरशात घडतो आहे, म्हणजे नकाशे काढणारी त्याच्याकडे न पाहता त्याच्या प्रतिबिंबाकडे पाहते आहे, म्हणजेच तिला अजून सरळ पाहण्याचे धैर्य नाही. माझ्या मूळ प्रसंगापेक्षा ही कल्पना सरस होती, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

1 मार्च

ही नोंद लिहिताना लाज वाटते, पण असे काही करू पाहणाऱ्याने ती वाचावी म्हणून लिहिते.

सहाव्या प्रकरणानंतर "आता तरी चुंबन येऊ द्या" अशा मागण्या येऊ लागल्या. मोजल्या तर त्या अकराच होत्या, पण एकामागून एक आल्याने त्या शंभरासारख्या वाटल्या. माझ्या आराखड्यात चुंबन दहाव्या प्रकरणात होते. मी शुक्रवारी आणि शनिवारी बसून सातवे प्रकरण नव्याने लिहिले, त्यात 4,200 शब्द बदलले आणि चुंबन तिथे आणले. मैत्रिणीला दोन दिवसांत नवे चित्र काढायला लावले. बीटा वाचकाने स्पष्ट लिहिले की, या दोघांनी अजून एकमेकांना एकही खरी गोष्ट सांगितलेली नाही. मी ते वाचले आणि तरीही प्रकरण दिले.

प्रतिक्रिया 44 आल्या. बहुतेकांत हृदयाची चिन्हे आणि आनंदाच्या किंकाळ्या होत्या.

8 मार्च

आज आठवे प्रकरण देता आले नाही. सातव्याच्या 44 नोंदी तक्त्यात घालायला बसले तेव्हा 'वाचक कुठे थांबला' हा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. 44 पैकी फक्त दोघांनी वाक्य उतरवले होते आणि ती दोन्ही वाक्ये जुन्या मसुद्यातून राहून गेलेली, समुद्राच्या वर्णनातली होती. 'पुढे काय होईल' हा रकाना तर पूर्ण कोरा होता. लोक खूश झाले होते आणि त्यांना पुढच्या प्रकरणाची गरज उरली नव्हती.

जुने सातवे प्रकरण परत लावावे असे मनात आले. बीटा वाचकाने अडवले, आणि ते योग्यच केले: ज्यांनी नवे वाचले आहे त्यांच्या डोक्यातून ते काढता येत नाही, आणि दोन वेगवेगळी सातवी प्रकरणे वाचलेले वाचक आठव्याखाली एकमेकांशी भांडत बसतील. म्हणून प्रकरण तसेच ठेवले आणि आठवे बदलले. आता आठव्यात दोघेही त्या चुंबनाविषयी अवाक्षर काढत नाहीत, आणि ते न बोलणेच कथेला पुन्हा ताणून धरते. यासाठी आराखड्यातली दोन प्रकरणे मोडावी लागली. एकूण 19 तास गेले, शिवाय मैत्रिणीचे दहाव्या प्रकरणासाठी आधीच रंगवलेले चित्र वाया गेले. तिने मला त्याबद्दल काही ऐकवले नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटले.

छापील अंकांच्या काळात, म्हणजे 1967 पासून 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचे चाहते आपल्या कथा-चित्रांचे अंक काढू लागले तेव्हापासून बरीच वर्षे, वाचकांची पत्रे टपालाने येत आणि निवडक पत्रे पुढच्या अंकात छापली जात. त्या लेखिकांना दर आठवड्याला आपले सातवे प्रकरण मोडण्याची सोयच नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला. आता प्रकरण दिल्यावर तीन दिवस प्रतिक्रिया उघडायच्या नाहीत आणि किमान दोन प्रकरणे आधीच बंद करून ठेवायची, असे ठरवले आहे.

23 मार्च

नवव्या प्रकरणावर एका वाचकाने लिहिले की, तो पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो आणि प्रत्येक चित्राच्या जागी त्याला फाइलचे नाव ऐकू येते: प्रकरण-पाच, शेवटची, खरोखर शेवटची, तीन. हसू आले आणि शरमही वाटली. आतापर्यंतच्या सहा चित्रांना पर्यायी वर्णन, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवला जाणारा मजकूर, दिले नव्हते.

त्या रात्री सहाही वर्णने लिहिली आणि ती पुन्हा चुकली. मी लिहिले होते: 'तिच्यावर जीव जडलेला वैद्य बाहीकडे पाहतो आहे.' त्याच वाचकाने नम्रपणे कळवले की, जीव जडला आहे हे डोळ्यांनी पाहणाऱ्यांना चित्रात लिहिलेले दिसत नाही, मग त्यालाच ते आयते का सांगावे. वर्णन बदलून असे केले: 'पांढऱ्या सदऱ्याची बाही. मनगटाच्या वर निळ्या शाईचा अंगठ्याचा ठसा, एका कडेला पुसटलेला.' ठसा कडेला पुसटलेला आहे हे लिहिताना मी स्वतः तो पहिल्यांदा इतका नीट पाहिला.

5 एप्रिल

अकरावे प्रकरण दिले. त्याच दिवशी आधीची सर्व चित्रे गायब होऊन त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. हा संग्रह चित्रे स्वतःकडे साठवत नाही; ती दुसरीकडे ठेवून इथे फक्त जोडावी लागतात. आम्ही ती ज्या मोफत जागी ठेवली होती, तिने बाहेरून चित्र दाखवणे बंद केले होते. मूळ फायली मैत्रिणीकडे होत्या म्हणून निभावले. सगळी चित्रे दोन ठिकाणी ठेवली आणि प्रत्येकाचा पत्ता तक्त्यात लिहिला. वेळ: चार तास, आणि एक चुकलेला रविवार, कारण बारावे प्रकरण त्यामुळे 19 तारखेला ढकलावे लागले.

11 एप्रिल

बाहीचे चित्र कोणीतरी मैत्रिणीची सही कापून इतरत्र लावल्याचे दोन वाचकांनी कळवले. विनंती केल्यावर ते काढले गेले. आता सही कोपऱ्यात न करता आकृतीला लागून, घडीच्या रेषेत करायची असे तिने ठरवले आहे. त्याचबरोबर, कोणाला या कथेवर स्वतः चित्र काढायचे असेल तर आमची आनंदाने परवानगी आहे आणि दुवा द्यावा, एवढी टीप कथेच्या सुरुवातीला घातली. आम्हीच दुसऱ्याच्या पात्रांवर घर बांधलेले आहे, तेव्हा दारावर याहून कडक पाटी लावणे शोभले नसते.

22 एप्रिल

बारावे प्रकरण तीन दिवसांपूर्वी दिले आणि ठरल्याप्रमाणे आज प्रतिक्रिया उघडल्या. 52 आहेत. 29 वाचकांनी काही ना काही उतरवून घेतले आहे आणि त्यांत चित्र व मजकूर साधारण सारखेच आहेत. चौघांनी शेवट घाईचा वाटल्याचे लिहिले असून त्यांचे म्हणणे खरे आहे, कारण आठव्यात मोडलेल्या आराखड्याची भरपाई बाराव्यात करावी लागली.

प्रतिक्रिया वाचणे, नोंदवणे, उत्तरे देणे आणि त्यांतून निघालेल्या दुरुस्त्या यांना मिळून माझे 96 तास गेले. लिहिण्याचे तास यात धरलेले नाहीत. मैत्रिणीने आपले तास मोजले नाहीत आणि मोजायला तिची तयारीही नाही.

उत्तर द्यायच्या 11 प्रतिक्रिया शिल्लक आहेत. त्यांतली एक आरशाची उपपत्ती मांडणाऱ्या वाचकाची आहे. त्याने सहाव्या प्रकरणाखालची आमची टीप वाचलेली दिसत नाही, कारण बाराव्या प्रकरणात ती वैद्याकडे सरळ पाहते तेव्हा खोलीत आरसा कुठे गेला, असे तो विचारतो आहे. मैत्रीण म्हणते की त्याला खरे सांगू नकोस, मी आरशाचे एक दहावे चित्र काढून देते. मी अजून हो म्हटलेले नाही, पण रेखाटन तिने काल रात्रीच पाठवले आहे, आणि त्यात व्रण उजवीकडे आहे.